डावा काठ

आमच्या नंदुरबारात थंडी आल्याचं कॅलेंडर सांगत नाही, घसा सांगतो. एका सकाळी दार उघडावं, तर हवेत काहीतरी बारीक, तिखट तरंगत असतं. दिसत नाही, पण नाकाला कळतं. दूधवाला शिंकतो, पेपरवाला शिंकतो आणि आपणही शिंकत म्हणतो, आल्या वाटतं मिरच्या. गावाच्या कडेच्या पथाऱ्या, म्हणजे मिरच्या वाळत घालायच्या मोकळ्या जागा, बघता बघता लाल होतात. बायका नाकातोंडाला कापड बांधून देठ खुडत बसतात. बाहेरगावचा पाहुणा मोबाइल काढतो, लाल समुद्र वगैरे म्हणतो. मग त्याला ठसका लागतो, आणि समुद्र तिथंच सोडून तो गाडीत जाऊन बसतो.

यंदाही आल्या. निवृत्त माणसाला सकाळी फिरायला जावं लागतं, नाहीतर घरातले त्याला प्रकृतीबद्दल विचारत राहतात. म्हणून मी पथाऱ्यांच्या बाजूनं फिरतो. मिरचीच्या वासात मला दरवर्षी आणखी एक वास येतो. तो प्रत्यक्षात कुठंच नसतो. शिजलेल्या पिठाचा, थोडासा आंबूस, थोडासा तेलकट. खळीचा.

खळ म्हणजे पिठाची पातळ लापशी. मागावर चढवायचं उभं सूत आधी विणकर गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणत आणि कुंच्यानं त्याला ही खळ पाजत. सूत ताठ होई, विणताना तुटत नसे. लुगडं विणून झालं, विकलं गेलं, नेसणारीनं पहिल्यांदा नदीवर धुतलं, की खळ पाण्यातून निघून जाई. तिचं काम तेवढंच. कापड तयार होईपर्यंत धरून ठेवायचं आणि मग सोडून द्यायचं. चाळीस वर्षं वर्गात शिकवल्यामुळे एक सवय लागली आहे, म्हणून सांगतो: हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

सूत पाजायला कोरडी हवा हवी. त्यामुळे विणकरांची पाजणी आणि शेठलोकांची मिरची एकाच मोसमात येत. गल्लीत ओलं सूत ताणलेलं, आणि पथारीवरून वारा सुटला की मिरचीची धूळ त्यावर बसायची. त्या दिवसांत विणलेलं लुगडं उलगडलं की शिंक यायची. तळोद्याच्या बाजाराला डोंगरातून उतरणाऱ्या बायका म्हणे लुगडं आधी नाकाशी धरायच्या. शिंक आली तर माल नंदुरबारचा, म्हणजे खरा. सरकारी शिक्क्यावर त्यांचा एवढा विश्वास नव्हता, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत होतं असंही मला वाटत नाही.

या गल्लीचं एक मासिक होतं. त्याचं नाव 'धोटा'. आडवं सूत घेऊन मागावर या हातातून त्या हातात धावतो तो धोटा. मासिकाच्या डोक्यावर 'हातमाग विणकरांचे निर्भीड मुखपत्र' असं छापलेलं असे. भ्यावं असं कुणी ते वाचत नव्हतं, त्यामुळे निर्भीडपणा स्वस्तात पडत होता. संपादक लोटनआप्पा स्वतः विणकर, विणकर सोसायटीचे सचिव, आणि गद्याचं व्यसन असलेले गृहस्थ. दिवसा ते खड्डामागावर बसत, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून काठावर बसायचं आणि पायांनी माग चालवायचा. डोक्यात मात्र अग्रलेख चालू असे. आडवं सूत ठोकून बसवणाऱ्या फणीच्या तालावर त्यांची वाक्यं पडत. म्हणून 'धोटा'चे अग्रलेख मोठ्यानं वाचले की मान हलायला लागते. अर्थाकडे लक्ष जातंच असं नाही.

मी तेव्हा कॉलेजात नवा लागलो होतो. मराठीचा प्राध्यापक, म्हणून शुद्धलेखन मला येणारच असं धरून आप्पांनी प्रुफं माझ्याकडे आणली. मानधन म्हणून ते मला काठाचा तुकडा देत.

हा काठाचा तुकडा समजावून सांगायला हवा, कारण सगळं तिथंच अडकलेलं आहे. 'धोटा'च्या प्रत्येक अंकात एक पान नमुन्याचं असे. त्या पानावर खऱ्या कापडाचा, दोन बोटं रुंद आणि चार बोटं लांब, असा तुकडा चिकटवलेला. दर महिन्याला गल्लीतल्या एका मागाची पाळी. मागावरचं लुगडं उतरवताना शेवटी जे थोडं उभं सूत उरतं, त्यावर त्या विणकरानं हातभर कापड विणायचं, त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक प्रतीत एकेक लावायचा. खाली विणकराचं नाव. फोटोत कापड कळत नाही, ते बोटाला कळतं, हे आप्पांचं म्हणणं होतं, आणि मासिकाच्या साऱ्या आयुष्यात एवढा बिनतोड विचार त्यांनी दुसरा मांडला नाही. हातभर कापडातून काठ असलेले तुकडे थोडेच निघत. ते मानाच्या प्रतींना लागत. बाकीच्यांना मधला, बिनकाठाचा. सोसायटीच्या अध्यक्षांना एकदा चुकून मधला तुकडा गेला, तर त्यांनी पुढचे दोन अंक वाचले नाहीत. आधीचे वाचत होते, याचा तो एकमेव पुरावा.

आणि हे तुकडे आप्पा खळीनं चिकटवत. छापखानेवाले शांतीलालशेठ रोज लग्नपत्रिका छापणारे. चिकटपट्टी, डिंक, सगळं त्यांच्याकडे. ते विनवून सांगायचे, "आप्पा, ये खळ टिकनार नाय हां. डिंक ले जाव." आप्पांचं उत्तर ठरलेलं होतं.

"विनकरेसनं मासिक शे, शेठ. डिंक कसाले?"

जगात कुणीही केली नसती अशी ती चूक होती. जी वस्तू सोडून देण्यासाठीच बनवतात, तिच्यावर एका माणसानं मासिकाची सगळी भिस्त ठेवली. श्रावणात हवा दमट झाली की तुकडे पानांवरून सुटू लागत. गल्लीतल्या पोरींनी त्यांची बाहुल्यांना लुगडी नेसवली. कुणी चोळीला ठिगळ लावलं. आप्पांना ते आवडायचं. कापड वापरायलाच असतं म्हणायचे. पुढं सुरतेची झुळझुळीत लुगडी तळोद्याच्या बाजारात आली. ती शिंक आणत नव्हती, खळ मागत नव्हती, धुतली की लगेच वाळत होती. डोंगरातल्या बायकांनी ती घेतली आणि बरोबर केलं. अंगावर ओलं जड लुगडं घेऊन सातपुडा चढायचा म्हणजे काय, हे अग्रलेख लिहिणाऱ्यांना माहीत नसतं. माग एकेक करून उतरले. गल्लीतली पोरं सुरतेला यंत्रमागावर गेली. 'धोटा' बंद पडला तोही एका मिरचीच्या मोसमात. पुढच्या थंडीत आप्पाही गेले.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र यंदाच्या पथाऱ्या बघताना येतो तो मोसम त्यानंतर खूप वर्षांनी आलेला, आत्ता अलीकडचा.

विणकर सोसायटी अजून आहे. माग एकही नाही. इमारत आहे, तिच्या गाळ्यांत मोबाइलची कव्हरं, चायनीज भेळ आणि एक झेरॉक्सवाला. गाळेभाड्यावर चालणारी ती बहुधा देशातली सर्वांत निर्धास्त विणकर संस्था असावी. त्या वर्षी तिचा अमृतमहोत्सव आला. निमंत्रणपत्रिकेवर इतक्या मान्यवरांची नावं होती, की ते सगळे आले असते तर प्रेक्षकांत कुणी उरलं नसतं. एक गुळगुळीत स्मरणिका काढायची ठरली. तिच्यात 'धोटा'चा गौरवशाली इतिहास हवा, चार पानांत, आणि तो मी लिहावा. नवे अध्यक्ष, वयानं चाळिशीचे, घरी आले. फार आदरानं बोलले. इतिहास थोडा हसरा ठेवा सर, म्हणाले. आणि एक खरा नमुना मिळाला तर त्याचा मोठा फोटो मुखपृष्ठावर.

माझ्याकडचे अंक मी ट्रंकेतून काढले. वाळवीनं आपला वाटा घेतला होता, पण बरेच शिल्लक होते. एकेक उघडत गेलो. प्रत्येक नमुन्याच्या पानावर विणकराचं नाव, आणि वर एक पिवळट, रिकामा चौकोन. माझ्याकडचा एकूण एक काठ गळून गेला होता. ट्रंकेच्या तळाला तरी सापडेल म्हणून चाचपलं, तर डांबरगोळ्यांचा चुरा. बहुधा आमच्याच घरात त्यांची ठिगळं झाली असावीत.

अध्यक्षांना सांगितलं, तर त्यांना काहीच अडचण वाटली नाही. म्हणाले, ऑनलाइन हातमागाचं कापड मागवू, तुकडा कापू, फोटो काढू, कुणाला कळणार आहे? त्यांचं खरं होतं. कळणारं गल्लीत एकच माणूस उरलं होतं.

यमुनाजिजीकडे मी दुपारी गेलो. घर तेच, पत्रा नवा. पुढच्या खोलीत खड्डा बुजवून शहाबादी फरशी टाकलेली, पण बुजवलेल्या भागाची फरशी थोडी दबलेली. तिथं एक प्लास्टिकची खुर्ची कायम डुगडुगत असे. मला तीच मिळाली. जिजी देठ खुडत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण हात थांबत नव्हता. शेजारच्या शेठच्या पथारीवरून मिरच्या घरी आणून खुडायची. बसून काय करायचं, म्हणायची.

जिजीचा नवरा लवकर गेला. गल्लीच्या रिवाजाप्रमाणे बायका धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत, खळ शिजवत, सूत पाजत. मागाच्या खड्ड्यात मात्र पुरुषच उतरत. जिजी उतरली. काही दिवस गल्लीतले लोक दारावरून जाताना मुद्दाम आत डोकावत. खड्डामा बाई उतरनी, असं एकमेकांना सांगत, जणू विहिरीत कुणी पडलं आहे. तिला धोटा धरायला कुणी शिकवलं नव्हतं, बघूनच शिकलेली. उजव्या हातानं फेकलेला धोटा डाव्या हातात आला की तो हात सूत जरा जास्तच ओढून घेई. त्यामुळे तिच्या कापडाचा डावा काठ सरळ नसायचा. थोडा आत चिमटलेला, परत बाहेर, परत आत. गल्लीत चेष्टा होती, जिजीचं लुगडं डावीकडून रुसतं. तळोद्याचा व्यापारीही काठावर बोट फिरवून म्हणे, हे बाईचं.

पण 'बाईचं' हे कुठं छापून येत नसे. तिनं एकदा आप्पांना विचारलं होतं, माझ्या मागाची पाळी कधी? मी तेव्हा प्रुफं घेऊन तिथंच उभा होतो. आप्पा कनवाळू माणूस. तिच्याकडून शिकण्यासारखं फार आहे, असं त्यांनी एका अग्रलेखात लिहिलंही होतं, नाव न घेता. ते नियमाप्रमाणे म्हणाले, "माग मुरलीना नाववर शे, वयनी. नमुना त्यानाच." मुरली तिचा मुलगा. नुकतं मिसरूड फुटलेला. मागावर बसायला सांगितलं की त्याला कुठंतरी जायचं असे. कधी बसलाच तर त्याचं कापड सैल उतरायचं, दोन्ही काठांनी सारखंच सैल.

तरी त्यानं नमुना विणला. तोच 'धोटा'चा शेवटचा अंक. जिजी त्या दिवसांत पथारीवर कामाला जात होती, घरी मागावर मुरली एकटाच. तुकडे कापून त्यानं परस्पर छापखान्यात नेऊन दिले. आप्पांनी तिच्या दारात उभं राहून नाव मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून दोनदा. घरात आलेली प्रत मुरलीनं आपल्याजवळच ठेवली आणि पुढं सुरतेला जाताना पिशवीत घालून नेली. यंत्रमागाच्या खोलीत धूर, कापसाची धूळ आणि पाळ्यांवर पाळ्या. त्याच्या छातीनं काही वर्षांतच हात टेकले. कुणीतरी पिशवी परत आणून दिली. तिच्यात कपडे होते, फोटो होता. मासिक नव्हतं.

जिजीनं हे सगळं त्या दुपारी मला पुन्हा सांगितलं, मला माहीत असूनही. मी ते अडवलं नाही. मग स्मरणिकेबद्दल, हरवलेल्या तुकड्यांबद्दल मी तिला सांगितलं. तिनं मिरच्यांचं सूप बाजूला सरकवलं.

"मन्हा मुरलीनं तुकडं व्हतं त्यामा," ती म्हणाली. "मी ते कधी हातमा बी लिधं नही. भेटी का, सर?"

मग तिनं पदरानं बोटं पुसली, जणू मी ते खिशातून आत्ताच काढणार होतो. "डोया तं गयात. पन हात शेतस ना."

आता स्मरणिकेचा प्रश्न राहिला नाही. मुखपृष्ठावर काय यायचं ते येवो. त्या थंडीत मी गावभर 'धोटा'चा शेवटचा अंक शोधत फिरलो. वाचनालयात गेलो. तिथं नियतकालिकांची खोली होती त्या जागी आता स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे, पोरं कानात बोंडं घालून बसलेली. शांतीलालशेठचा छापखाना नातवानं फ्लेक्सचा केला आहे. त्यानं अगदी आपुलकीनं सांगितलं, आजोबांची सगळी रद्दी दुकान बदललं तेव्हाच दिली. एका जुन्या विणकराच्या मुलाकडे प्रत निघाली, मधल्या तुकड्याची, आणि तुकडा नव्हता. दुसऱ्या एकाकडे नमुन्याचं पानच फाडलेलं. म्हसावदला कुणाकडे तरी असेल म्हणून एसटीनं तिथंही गेलो. त्या गृहस्थांनी केळीच्या बागेत फिरवून आणलं, जेवू घातलं, माळ्यावर चढून पाहिलं आणि हात झटकत खाली उतरले. परतताना शहाद्याच्या पुढं गाडीत सगळे एकदम शिंकले, तेव्हा कळलं की नंदुरबार आलं.

शेवटी उरली ती माझीच प्रत. तिच्यावर नाव होतं आणि रिकामा चौकोन होता. तीच घेऊन गेलो. रिकाम्या हातानं जाण्यापेक्षा निदान छापलेलं नाव तरी तिच्या हाताखाली द्यावं, एवढाच विचार.

जिजीला मी खरं ते सांगितलं. तुकडा कुठंच नाही. हे पान आहे, इथं त्याचं नाव आहे, आणि ही जागा, जिथं तो होता. तिचं बोट धरून मी नावावर ठेवलं. छापलेल्या अक्षराला बोटाला लागेल असं काही नसतं. ते बोट तिथं थोडं थांबलं आणि मग आपणहून वर सरकलं, चौकोनात.

मला तो चौकोन म्हणजे पिवळा डाग दिसत होता. तिचं बोट मात्र त्यावर फिरेना, अडखळायला लागलं. ती खळ त्या मोसमातली, कोरड्या हवेतली, घट्ट शिजवलेली. गल्लीतली खळ बहुतेक तीच शिजवायची, तेव्हा तिचीच. छापखान्यात अंकांच्या गठ्ठ्यावर दगड ठेवून ते दाबून वाळवले होते. कापड सुटून गेलं, पण त्याचा ठसा खळीत तसाच राहिला होता, धाग्यासकट. मी पान दारातल्या तिरप्या उन्हात धरलं. तेव्हा मलाही दिसलं. उभ्या-आडव्या बारीक रेघा, आणि रेघांच्या तळात, इतक्या वर्षांच्या गावच्या हवेनं भरलेली, जेमतेम कळेल अशी तांबूस धूळ.

जिजीनं पान परत घेतलं. बोट आता सावकाश डावीकडे गेलं. मला मानानं मिळालेला तुकडा काठाचा होता, डाव्या काठाचा. त्या कडेवर तिचं बोट खालून वर गेलं. थोडं आत, परत बाहेर, परत आत.

मग तिनं तेच पुन्हा केलं.

"सर, हाई त्यानं नही," ती म्हणाली. "हाई तं मन्हं शे."

मला आधी वाटलं, माय म्हणून म्हणते आहे. माझा मुलगा तो माझा, त्याचं विणकाम ते माझं, तसं काही. पण तिचा चेहरा तसा नव्हता. काहीतरी जुळवत होती. मग एकाएकी तिच्या तोंडावर हसू आलं, अगदी खरं, पोराला खोडी करताना पकडल्यासारखं.

"म्हनीसन ते लुगडं हातभर कमी भरनं. लबाड."

तिनं मला सगळं उलगडून सांगितलं. त्याच मोसमात तळोद्याच्या व्यापाऱ्यानं तिचं एक लुगडं परत पाठवलं होतं. हातभर आखूड आहे म्हणून. तिनं भांडण केलं, शपथा घेतल्या. माझं माप चुकत नाही, म्हणाली. व्यापारी म्हणाला, बाईला माप कळत नाही, म्हणून बायकांनी मागावर बसू नये. हे बोलणं गल्लीत सगळ्यांनी ऐकलं, मुरलीनंही ऐकलं. त्यानंतर कितीतरी वर्षं ती विणायला बसली की निम्म्यात थांबून पुन्हा हातानं मोजायची, आपलंच चुकलं असणार म्हणून. आता कळलं. ती पथारीवर देठ खुडत असताना त्यानं विणलंच नव्हतं. घडी घालून ठेवलेल्या तिच्या लुगड्याचा हातभर तुकडा कापला आणि आपल्या नावानं देऊन आला.

हसून झालं. पान तिच्या मांडीवर होतं. तिनं पुन्हा सूप ओढलं, एक देठ खुडला, दुसरा खुडला. मिरची तशीच हातात राहिली.

"मंग त्या पोऱ्यानं काईच नही ऱ्हायनं, सर," ती म्हणाली.

पोराचं म्हणावं असं आता काहीच उरलं नव्हतं. मी भाषेवर पोट भरलेला माणूस, पण असली वाक्यं ऐकून घ्यायची असतात, एवढंच मला शेवटी कळलं आहे. खुर्ची डुगडुगू नये म्हणून मी हलत नव्हतो. बाहेर पथारीवर मिरच्यांची रास उलटवत होते, तिचा सरसर आवाज आत येत होता. मी विचारलं, स्मरणिकेत काय लिहू? तुझं नाव लिहू का? मला ते बरोबर वाटत होतं. ज्या मासिकानं तिला कधी छापलं नाही, त्याच्या इतिहासात तरी एकदा यावं. मी ते बऱ्यापैकी रंगवून सांगितलंही. अमृतमहोत्सवाची हवा मलाही थोडी लागली असावी.

तिनं नको म्हणून मान हलवली.

"नाव ऱ्हाऊ द्या त्यानं."

स्मरणिका निघाली. मुखपृष्ठावर ऑनलाइन मागवलेलं कापड छान चमकलं. आत माझी चार पानं, बऱ्यापैकी हसरी. शेवटच्या नमुन्याखाली नाव मुरलीधरचंच. एवढी वर्षं विद्यार्थ्यांना पुरावा तपासून लिहा म्हणून सांगितलं आणि हातात पुरावा असताना स्वतः खोटं लिहिलं. मला त्याचं वाईट वाटलेलं नाही. जिजी मागच्या पावसाळ्यात गेली, म्हणून आता हे लिहितो आहे. तिनं घातलेली अट स्मरणिकेपुरती होती, असं मी धरून चाललो आहे. ती असती तर कदाचित म्हणाली असती, लिखा, आते कोन वाचस. 'धोटा'बद्दल बोलताना ती शेवटी शेवटी हेच म्हणायची, आणि आप्पा वर कुठं असतीलच तर त्यांना ते लागत असणार.

माझी प्रत माझ्याकडे आहे. मिरच्या आल्या की एकदा काढतो. ऊन तिरपं असताना बघावं लागतं. बोट फिरवत नाही. माझ्या बोटानं त्या रेघा झिजतील अशी भीती वाटते, आणि तसंही माझ्या बोटाला त्यातलं काही वाचता येत नाही.

त्या वर्षीचा तो समारंभ मिरचीच्या ऐन भरात झाला होता. प्रमुख पाहुणे उशिरा आले, समई वाऱ्यानं पेटेना, पेटल्यावर पहिल्या रांगेत शिंकांची साथ सुरू झाली. शाली पांघरून झाल्या. त्या कुठल्याही मागावर विणलेल्या नव्हत्या, पण घड्या सुबक होत्या. पाहुणे विणकरांच्या धाग्याबद्दल बोलले, मग देशाच्या धाग्याबद्दल, मग निवडणुकीबद्दल. मी यमुनाजिजीला घेऊन मागच्या बाजूला बसलो होतो. तिला कुणी पुढं बोलावलं नाही, तिलाही जायचं नव्हतं. निवेदकानं 'धोटा'चा उल्लेख केला आणि माझ्या लेखातलं वाचलं. शेवटच्या अंकाचा नमुना विणणारे विणकर, कैलासवासी मुरलीधर. मांडवात टाळ्या पडल्या.

जिजीनंही वाजवल्या. इतक्या वर्षांत स्वतःच्या कापडासाठी तिला टाळ्या वाजवताना मी पहिल्यांदा पाहिलं. बाजूच्यांच्या थांबल्या तरी तिच्या चालू होत्या. उजवा हात जागच्या जागी होता. डावा तेवढा ओढल्यासारखा, जरा जास्तच जोरात येत होता.